दूरच्या नेमाची नळी

म्हैसूर शहराची बंदुकीशी ओळख मुख्यत्वे शिकारीच्या वाटेने झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९९९ पर्यंत येथे व्हॅन इंगेन घराण्याचा कारखाना चालू होता. संस्थानिकांनी, गोऱ्या साहेबांनी आणि श्रीमंत जमीनदारांनी मारलेल्या वाघ-बिबट्यांची कातडी कमावून, त्यांना पुन्हा जिवंतपणीचे रूप देऊन तो देशोदेशीच्या दिवाणखान्यांत पाठवीत असे. अशा शहरात रायफलीची थोरवी तिच्या नळीच्या रुंदीवर मोजली जावी, यात नवल नाही. गव्याच्या किंवा वाघाच्या अंगावर पन्नास-साठ पावलांवरून गोळी झाडावयाची असता ती जाड, जड आणि बोथट नाकाची असणे हेच इष्ट. बंगळूरचे प्रसिद्ध शिकारी केनेथ अँडरसन यांच्या हाती .४०५ विंचेस्टर असे, ते याच कारणाने. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अध्याय मिटल्यावर, आणि रायफलीचे काम जनावर पाडणे हे न राहता हजार यार्डांवरील कागदाच्या फलकावर नेमके छिद्र पाडणे हे झाल्यावर, शिकाऱ्याचे ते जुने शहाणपण जवळजवळ उलटे करून घ्यावे लागते. ही उलटापालट का होते, आणि दूर पल्ल्याच्या स्पर्धेसाठी नळीचा व्यास, म्हणजे कॅलिबर किंवा आपल्या परवान्याच्या भाषेत बोअर, निवडताना जाणते नेमबाज कशाचा हिशेब करतात, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

हा हिशेब पहिल्यांदा ज्याने मांडला त्या पुरुषाचा देह दक्षिण हिंदुस्थानच्याच मातीत मिळाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती. १७४२ साली त्याने तोफविद्येवर एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडून, त्या लंबकाच्या झोक्यावरून गोळीचा वेग काढण्याची युक्ती जगापुढे ठेवली. तोपर्यंत विद्वानांची अशी समजूत होती, की हवा ही विरळ वस्तू असल्यामुळे वेगाने जाणाऱ्या शिशाच्या गोळीला तिचा अडथळा नगण्यच असणार. रॉबिन्सने निराळ्या अंतरांवर वेग मोजून दाखविले, की नळीतून नुकत्याच सुटलेल्या बंदुकीच्या गोळीला हवा जो विरोध करते तो त्या गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या शंभर पटींहूनही अधिक असतो. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपल्या किल्ल्यांच्या डागडुजीसाठी मद्रास इलाख्यात धाडले, आणि कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे १७५१ साली त्याचा अंत झाला. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी श्रीरंगपट्टणच्या वेढ्यांत, ज्यांतल्या १७९२ च्या वेढ्याच्या वेळी हरिपंत फडके यांच्या मराठी फौजाही तेथे हजर होत्या, टिपूचे लोखंडी नळ्यांचे अग्निबाण मैल-दीड मैल जात आणि शत्रूच्या तळात धांदल उडवीत; परंतु त्यांतला अमुक एक बाण अमुक एका माणसाला लागेल, असे सांगण्याची सोय नव्हती. पल्ला आणि नेम या दोन गोष्टी भिन्न आहेत. पल्ला दारूने मिळतो. नेम मिळवावयाचा तर हवेशी व्यवहार करावा लागतो.

हवा गोळीकडून जो कर वसूल करते, तो गोळीच्या समोरच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर आकारला जातो. आणि तो भरण्याची गोळीची ऐपत तिच्या वजनावर अवलंबून असते. म्हणून एकाच वजनाच्या दोन गोळ्या घेतल्या, एक आखूड व जाड, दुसरी लांब व सडपातळ, तर दुसरी आपला वेग अधिक काळ टिकविणार, हे उघड आहे. हे तत्त्व प्रत्यक्ष कसोटीला लागले ते १८५७ साली. त्या वर्षी हिंदुस्थानात एन्फील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी जो भडका उडाला तो सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हाइथ येथील सरकारी चांदमारीवर त्याच एन्फील्डचा निराळ्या प्रकारे पाडाव झाला. मँचेस्टरचा यंत्रविशारद जोसेफ व्हिटवर्थ याने .५७७ इंच व्यासाच्या एन्फील्डसमोर आपली .४५१ इंचाची षट्कोनी नळीची रायफल उभी केली. दोहोंची गोळी ५३० ग्रेन वजनाचीच होती. फरक होता तो सडपातळपणाचा: एन्फील्डच्या गोळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ व्हिटवर्थच्या गोळीच्या दीडपटीहून अधिक. पाचशे यार्डांवरच व्हिटवर्थच्या गोळ्यांचा पसारा एन्फील्डच्या कित्येक पटींनी लहान निघाला, आणि जेथे एन्फील्डच्या गोळ्या फलकाला लागेनाशा झाल्या, तेथेही व्हिटवर्थच्या लागतच राहिल्या.

या कसोटीतील दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. लांब गोळी हवेत सरळ राहावी म्हणून तिला नळीतील आट्यांनी गरगर फिरवावे लागते. भोवरा जसा फिरतो आहे तोवर उभा राहतो आणि गती मंदावली की डुलू लागतो, तसेच हे आहे. गोळी जितकी लांब तितकी ही फिरकी अधिक वेगाची हवी. एन्फील्डच्या नळीत आट्यांचा एक फेरा पूर्ण व्हावयास ७८ इंच लागत. व्हिटवर्थने तो वीस इंचांत आणला. पुढे १८७९ मध्ये जॉर्ज ग्रीनहिल या वुलिचच्या गणित्याने गोळीची लांबी व व्यास यांवरून आट्यांचा फेरा काढण्याचे सूत्र दिले. त्याच्या ठोकताळ्यावर बंदूककार अद्यापि पहिला अंदाज बांधतात. म्हणून नुसते कॅलिबर सांगून भागत नाही. एकाच व्यासाच्या दोन नळ्यांपैकी जिचे आटे मंद आहेत, ती लांब गोळीला सांभाळू शकत नाही, आणि अशी गोळी फलकावर वर्तुळाकार छिद्राऐवजी आडवी पडून लांबट छिद्र पाडते. जुनी रायफल विकत घेणाऱ्याने नळीवरील आकडा वाचावा आणि मग आट्यांचा फेराही विचारावा, हे इतके साधे असूनही लोक विसरतात.

ब्रिटिश सैन्याने मात्र व्हिटवर्थची रायफल घेतली नाही, कारण ती महाग होती आणि दारूच्या काजळीने लवकर भरे. ती गेली खेळाडूंकडे. १८६० साली विंबल्डन येथे नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळावा भरला, तेव्हा आरंभाची गोळी व्हिक्टोरिया राणीने टेकूवर बसविलेल्या एका व्हिटवर्थमधूनच झाडली. १८७४ साली न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयर्लंड व अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० व १००० यार्डांवर सामना झाला, आणि अमेरिकेने तो ९३४ विरुद्ध ९३१ असा अवघ्या तीन गुणांनी जिंकला. त्यात एका आयरिश नेमबाजाची उत्तम गोळी शेजाऱ्याच्या फलकावर जाऊन फुकट गेली होती. आज सर्वांच्या तोंडी असलेल्या ६.५ क्रीडमूर या काडतुसाला, ते २००७ साली निघाले तेव्हा, याच मैदानाचे नाव देण्यात आले.

आता वाऱ्याकडे वळू. कारण दूरच्या नेमबाजीचे मर्म तेथेच आहे. गोळी खाली किती पडेल याची चिंता नेमबाजाला फारशी नसते. पृथ्वीचे आकर्षण रोज तेवढेच असते, आणि दर्शिकेचे, म्हणजे नेम धरण्याच्या साइटचे, चाक योग्य तितके फिरविले म्हणजे तो प्रश्न सुटतो. वारा मात्र क्षणाक्षणाला मन बदलतो. सामान्य समज असा की गोळी जितका वेळ हवेत राहील तितकी ती वाऱ्याने सरकेल. हे अर्धसत्य आहे. खरा नियम असा: निर्वात पोकळीत गोळीला लक्ष्यापर्यंत जावयास जितका वेळ लागला असता त्याहून प्रत्यक्षात जितका अधिक वेळ लागतो, तितक्या उशिराला वाऱ्याच्या आडव्या वेगाने गुणावे, म्हणजे सरक मिळते. .३०८ इंची काडतुसाची १५५ ग्रेनची स्पर्धेची गोळी हजार यार्ड जावयास सुमारे दीड सेकंद घेते. हवा नसती तर तिला सुमारे एकच सेकंद लागला असता. हा जो अर्धा सेकंदाचा उशीर, त्यात ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला सात-आठ फूट बाजूला नेतो. ६.५ मिलिमीटरची १४० ग्रेनची सडपातळ गोळी नळीतून तिच्यापेक्षा थोड्या कमी वेगाने निघूनही सहा फुटांच्या आसपास सरकते; सात मिलिमीटरची १८० ग्रेनची लांब गोळी पाचच फूट. म्हणजे वाऱ्याचा अंदाज दोन मैलांनी चुकला, तर पहिल्या नेमबाजाची गोळी दीड फूट बहकते आणि तिसऱ्याची एक फूट. स्पर्धा जिंकावयास हा फरक पुरेसा आहे.

या नियमाचा एक चमत्कारिक परिणाम असा, की .२२ इंची काडतूस अधिक जोराचे घेतले म्हणजे वाऱ्यात ते अधिक बहकते. ध्वनीच्या वेगापलीकडे गेलेल्या गोळीला हवा एकदम चढ्या दराने विरोध करते. त्यामुळे ती निघते वेगाने, पण उशीर अधिक पदरी घेते. म्हणून ऑलिंपिकचे नेमबाज ध्वनीच्या वेगाच्या आतच राहणारी, सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाची काडतुसे वापरतात. ध्वनीच्या वेगाची हीच सीमा दूरच्या पल्ल्यावर उलट्या बाजूने आडवी येते. गोळी मंदावत मंदावत ती सीमा ओलांडू लागली म्हणजे तिचा तोल जाण्याचा संभव असतो. सिएरा कंपनीची .३०८ ची १६८ ग्रेनची गोळी तीनशे मीटरांच्या स्पर्धेत अत्यंत अचूक म्हणून नावाजलेली, परंतु हजार यार्डांच्या आसपास ती डुलू लागते, हा नेमबाजांचा जुना अनुभव आहे. तिच्या शेपटाचा उतार तेवढ्या पल्ल्यासाठी आखलेलाच नव्हता.

येथे म्हैसूरकराला निसर्गाने थोडी सवलत दिलेली आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या मानाने सुमारे सात टक्के कमी असते. उशीरही जवळजवळ तितकाच घटतो. जी गोळी मुंबईच्या किनाऱ्यावर साडेसात फूट सरकली असती, ती येथे अर्धा फूट कमी सरकेल. पण जो नेमबाज किनाऱ्यावर जमविलेल्या दर्शिकेचे आकडे जसेच्या तसे येथे आणील, त्याच्या गोळ्या फलकावर अपेक्षेपेक्षा वर लागतील, हेही विसरू नये. शिवाय आषाढातला नैऋत्येचा वारा ही सवलत सव्याज परत घेतो.

मग सात मिलिमीटरची लांब गोळीच सर्वांनी का घेऊ नये? कारण हवेखेरीज आणखी दोन सावकार आहेत. पहिला खांद्याला बसणारा धक्का. जड गोळी वेगाने फेकावयाची तर दारू अधिक लागते, आणि दिवसात पन्नास-साठ गोळ्या झाडताना तो धक्का नेमबाजाच्या मनात भीती पेरतो. घोडा दाबण्याच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा आखडतो, आणि कागदावरच्या गणिताने वाचविलेले सहा इंच हाताच्या थरथरीत जातात. दुसरा सावकार म्हणजे नळीची झीज. अरुंद भोकातून पुष्कळ दारूचा जाळ गेला म्हणजे आट्यांचा आरंभ जळतो. .३०८ ची नळी चार-पाच हजार गोळ्यांपर्यंत स्पर्धेच्या लायक राहते. सहा मिलिमीटरची दोन हजारांच्या आसपास थकते, आणि मोठ्या दारूची सात मिलिमीटरची त्याहूनही आधी. नवी नळी बसविणे हे ज्या देशांत मोटारीची चाके बदलण्याइतके सुलभ आहे तेथे याचे काही वाटत नाही. आपल्याकडे तो परवान्याचा, आयातीचा आणि वर्षभराच्या प्रतीक्षेचा मामला होतो.

या सगळ्या देवाणघेवाणीतून निरनिराळ्या खेळांच्या नियमपुस्तकांनी आपापले तोडगे काढले आहेत. ८००, ९०० आणि १००० यार्डांच्या पाल्मा स्पर्धेत परंपरेने .३०८ चे काडतूस आणि १५६ ग्रेनच्या आतलीच गोळी, असे बंधन आहे. तेथे सर्वांना एकाच दुबळ्या हत्याराने वाऱ्याशी झगडावे लागते, आणि माझ्या मते नेमबाजाच्या कसबाची यापेक्षा प्रामाणिक परीक्षा दुसरी नाही. कॅनडाच्या जॉर्ज फार्क्वार्सन यांच्या नावावरून जो एफ-क्लास निघाला, त्यात रायफल टेकूवर ठेवता येते. त्याच्या एका शाखेत .२२३ किंवा .३०८ एवढ्यांनाच मुभा, आणि दुसऱ्या, खुल्या शाखेत आठ मिलिमीटरपर्यंत काहीही चालते. तेथे सात मिलिमीटरवाल्यांचे राज्य आहे, कारण टेकूमुळे धक्क्याचा जाच कमी होतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या तीनशे मीटर स्पर्धेतही आठ मिलिमीटरची मर्यादा आहे. परंतु तेवढ्या अंतरावर वारा फार वेळ काम करीत नसल्यामुळे तेथे सौम्य धक्क्याच्या सहा मिलिमीटर काडतुसाने जुन्या लष्करी व्यासांना मागे सारले. नियम जास्तीत जास्त किती मोठे चालेल हे सांगतो. जिंकणारा बहुधा त्याहून लहान उचलतो.

हिंदुस्थानात मात्र कॅलिबरच्या निवडीवर विज्ञानापेक्षा सरकारी हुकुमाचा अंमल अधिक चालत आलेला आहे, आणि हा शिरस्ता साहेबाच्या काळापासूनचा आहे. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० व्यासाच्या शिकारी रायफली या देशात आणण्यास बंदी केली. बंडखोरांच्या हाती असलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांचाही व्यास तोच होता, आणि काडतुसे किंवा गोळ्या त्यांच्याकडे जातील अशी धास्ती होती. तेव्हा लंडनच्या बंदूककारांनी .४६५, .४७० आणि .४७५ अशी नवी काडतुसे पुढे केली, आणि शिकारी लोक त्यांच्या गुणांचे पोवाडे गाऊ लागले. वस्तुतः त्यांचा मुख्य गुण जकातीच्या नाक्यावरून सुटणे हा होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम आले, पण विचार तोच राहिला: .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस ज्या रायफलीत बसते आणि झाडता येते, ती निषिद्ध बोअर. आता पाल्माचे .३०८ हे ७.६२ चेच नागरी भावंड. म्हणजे जगभरच्या दूर पल्ल्याच्या खेळाडूंचे जे पहिले पुस्तक, तेच आपल्या सामान्य परवानेदाराला वर्ज्य. त्याच्या वाट्याला ईशापूरच्या कारखान्यातली .३१५ किंवा .३०-०६ येते, ज्या शेतराखणीसाठी व शिकारीसाठी घडविल्या गेल्या, फलकासाठी नव्हेत. सार्वजनिक सुरक्षिततेची चिंता रास्त आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या खेळाडूच्या हाती गोळ्यांच्या हिशेबाची नोंदवही आहे त्याच्यासाठी व्यासावरून भेद करणे, हे जुन्या दफ्तरातले कलम आता नव्याने वाचावयास हवे.

या परिस्थितीत भारतीय नेमबाजीने .२२ ची कास धरली, ती नाइलाजाने असली तरी फलदायी ठरली. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे. पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले, मूळच्या कोकणातल्या घराण्याचे, बडोद्यात जन्मलेले आणि अहमदाबादेत वकिली केलेले. गांधीजींच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या या गृहस्थाने रायफलींच्या संघटनेचे धुरीणत्व पत्करावे, यात त्या पिढीला विसंगती वाटली नाही, आणि त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय मावळंकर स्पर्धेतून देशातले हजारो होतकरू नेमबाज राष्ट्रीय पातळीवर आले. त्याच .२२ च्या वाटेने कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद पटकावले, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले.

पन्नास मीटर म्हणजे पोरखेळ, असे हजार यार्डांची स्वप्ने पाहणाऱ्यास वाटते. परंतु तेथील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा .२२ च्या त्या मंद, हलक्या गोळीला सुमारे एक इंच सरकवितो. म्हणजे वारा न वाचणाऱ्याची दहाची गोळी सात-आठावर जाते. निशाणे कधी सळसळली, कधी पडली, झुळूक संपण्याची वाट पाहावी की तिला गृहीत धरून नेम बाजूला घ्यावा, हे सारे शिक्षण येथे पूर्ण मिळते, तेही धक्क्यावाचून आणि नळी न जाळता; .२२ ची नळी हजारो गोळ्या झाडूनही चोख राहते. येथे कॅलिबर निवडावयाचे नसते, काडतुसांचा लॉट निवडावयाचा असतो. एकाच कारखान्याच्या एकाच नावाच्या दोन लॉटांपैकी एक तुमच्या नळीला मानवतो आणि दुसरा मानवत नाही. म्हणून चांगले नेमबाज रायफल बाकावर घट्ट आवळून निरनिराळे लॉट झाडून पाहतात, आणि मानवलेला लॉट परवान्याच्या मर्यादेत बसेल तेवढा एकदम घेऊन ठेवतात.

म्हैसुरातल्या ज्या तरुणाला दूरच्या नेमाची ओढ आहे, त्याला माझे सांगणे असे: तीन-चार वर्षे .२२ वर वारा वाचावयास शिकावे. मग तीनशे मीटरांची संधी मिळाली तर सहा मिलिमीटरचा सौम्य धक्का पत्करावा. हजार यार्डांची मिळाली आणि नियमाने मोकळीक असली तर ६.५ वा ७ मिलिमीटरची सडपातळ गोळी घ्यावी, .३०८ चे बंधन असले तर ते आनंदाने मान्य करावे. घरात आजोबांची जाड नळीची शिकारी रायफल असल्यास तिचा परवाना वेळेवर नूतन करून घ्यावा, पण ती चांदमारीवर नेऊ नये. आणि कोणतीही रायफल घेण्याआधी विक्रेत्याकडे न जाता प्रथम परवाना अधिकाऱ्याच्या कचेरीत जाऊन तो व्यास आपल्या परवान्यात बसतो की नाही, याचा लेखी खुलासा करून घ्यावा.